उतारावरची झुडपं आणि माझं नाव

मी, इतमुरुन, वय एकोणऐंशी, राहणार कोक-बुलाक, नारिन नदीच्या वरच्या अंगाला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला आलेल्याला चहा करून देण्याचंही त्राण आता उरलेलं नाही.

१. घर आणि सात मेंढ्या मुलगा एसेनबेक याला.

२. नणंद बुरुल्चा हिला माझे कातडी हातमोजे. माझ्या लग्नात ती म्हणाली होती, "नवरी कसली, कुत्र्याचं नाक!" माझ्या नावाचा अर्थ तोच, आणि रानगुलाबालाही आमच्यात तेच नाव. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून मरणाला किळस यावी असं नाव आईने ठेवलं. ते चांगलंच लागू पडलं म्हणायचं. हातमोज्यांत काटे आहेत, ते काढलेले नाहीत.

३. उतारावरची रानगुलाबाची सगळी झुडपं सून झिपार हिला. फुलली की मला अजून हसू येतं. बी थंडीआधी ओल्या वाळूत पेरावं. पहिल्या वर्षी काही दिसत नाही, दुसऱ्या वर्षी उगवतं. एसेनबेकने एकदा मेलं समजून वाफाच खणला होता; त्याने तिथे फावडं आणू नये. बोंडं लाल झाली की कडक थंडीआधी तोडावीत, आतली बारीक कुसळं धुवून काढावीत, नाहीतर घसा खाजतो. उकळू नयेत, गरम पाण्यात झाकून ठेवावीत. हिरड्यांतून रक्त येतं त्यांना द्यावं, आजारातून उठलेल्यांना द्यावं.

४. आता मुख्य. झिपार गुणी आहे, पण सासूचं नाव घेऊ नये म्हणून झुडपाचंही घेत नाही. गेल्या वर्षी शेजारची उलकान औषध विचारायला आली, पोटुशी होती. हिने सांगितलं, "ते लाल, काटेरी." दारुहळदही लाल नि काटेरीच; उलकानने तीच उकळली. पोटुशीला ती वर्ज्य! मी काठी टाकून धावले, तिच्या हातातला पेला उडवला.

"अगं, नाव सांगायचंस ना!"

"आई, तुमचं नाव कसं घेऊ? जीभ झडेल माझी."

"आणि तिचं पोर गेलं असतं म्हणजे?"

ती रडली. मी दमून तिथेच बसले. पोर आता रांगतं.

यापुढे प्रत्येक पेल्यामागे धावणं माझ्याच्याने व्हायचं नाही. म्हणून झुडपं झिपारला एकाच अटीवर: मला पुरून माणसं परतली की तिने चारचौघींत माझं नाव तीनदा मोठ्याने घ्यावं, आणि पुढे औषधाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगावं. लाजू नकोस, पोरी. मी ओ देणार नाही.

सही: इतमुरुन (अक्षर वाकडं आहे, माझंच आहे)

साक्षीदार: उलकान, शेजारीण
तोक्तोसुन, निवृत्त मास्तर

कोक-बुलाक, १९ ऑक्टोबर २०११