फटफटी उभी आली!

प्रिय दादा,

आली रे, तुझी फटफटी माढ्याला आली! उभी आली, धड आली, एक ओरखडासुद्धा नाही! पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते ठाऊक नाही, पण ही बातमी तुला कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही. दोर ओढून हाताची सालटी निघालीत, तरी लिहायला बसले आहे.

तू तापानं गेलास तेव्हापासून ती सोलापूरला आपल्या चाळीच्या अंगणात गोणपाटाखाली उभी होती. सगळे म्हणत होते, इथंच विकून मोकळे व्हा. आईचा मात्र एकच हेका, "माज्या लेकाची गाडी माज्या दारात पायजे." शेवटी माझा वर्ग दुसऱ्या बाईंकडे सोपवून मी शाळेतून रजा घेतली. आई आणि बाबूमामा माढ्याहून आले, आणि पेंडीची पोती घेऊन तिकडे निघालेली हुसेनचाचांची लॉरी ठरली.

पण पहिल्याच घासाला खडा! चाचा गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, "खडी नक्को बाई, गिरती. सुलाके बांधते, आराम से जाती." आडवी केली तर तेल-पेट्रोल गळेल, असं मी सांगणार, तोच आई पुढे झाली. परक्या माणसाशी मान वर करून न बोलणारी आपली आई रे!

"आडवी न्हाय बांदायची," ती म्हणाली. "आडवं बांदून एकदा नेलंय माज्या लेकाला. ही हुबीच येनार."

चाचा गाडी चढवायला फळी लावू लागले. माझ्या मनात मात्र एकच: आता ती वाटेत आडवी झाली, तर आईला काय तोंड दाखवायचं?

बांधली मामांनी. जन्मभर मेंढरं आणि बैल बांधलेला माणूस! गाठी अशा, की सुटायची बिशाद नाही. पण प्रत्येक दोराला हातभर ढील! "मामा, ढील कशाला?" तर म्हणतात, "मुंडी हलवाय जागा नगं व्हय? मुकं जनावर हाय की!" मला हसू आलं, चाचांनाही आलं, आणि त्या हसण्यात लॉरी निघालीसुद्धा.

शहर संपलं, पहिला खड्डा आला, आणि मुंडी हलली की रे! मी मागं पोत्यांवर बसले होते. गाडी कलली ती थेट माझ्या अंगावर, हँडल बरगडीत! तिला मिठी मारून मी "थांबा, थांबा" अशी ओरडले, की रस्त्याकडेची शेरडं उधळली.

तेव्हा तू आठवलास. बार्शीहून ही गाडी बैलगाडीत घालून आणलीस आणि हँडल वाकवून ठेवलंस! ती कथा तू जेवताना किती वेळा सांगायचास! पाट कडेवर उभा करायचास, त्याला माझ्या रिबिनी बांधायचास आणि म्हणायचास, "गोदे, दोन्हीकडनं सारकं वड. एकीकडं जास्त झालं की तिकडं झुकतंय बघ." मी किती कंटाळायचे! आज तोच पाट डोळ्यांपुढे आला.

"मामा, हिला ढील दिली तर ही पडणार," मी म्हटलं आणि पदर खोचला. पुढचं चाक लॉरीच्या पुढच्या फळीला भिडवलं. हँडलपासून दोन्ही कोपऱ्यांत दोर, एकीकडे चाचा, एकीकडे मामा. "ओढा!" पुढच्या स्प्रिंगा दबल्या आणि गाडी गप्प झाली. मागचं चाकही दोन्ही अंगांनी आवळलं. स्टँडवर भार ठेवायचा नाही, ते धक्क्यानं मोडतं, हेही तुझंच सांगणं. रंग घासू नये म्हणून दोराखाली गोणपाटाच्या घड्या घातल्या. मग मी तिला हलवून बघितलं, तर तिच्याबरोबर लॉरी हलली! चाचा म्हणाले, "अब ये नै गिरती. गिरी तो लॉरीच गिरती!"

मग काय मजा आली रे! तोंडात धूळ, डोक्यावर ऊन, आणि खड्ड्याखड्ड्याला मी दोर चाचपून बघतेय!

एक तक्रार आहे. मला चालवायला शिकव, असं किती मागं लागले होते! "लुगडं चाकात अडकंल," हे तुझं ठरलेलं उत्तर. मग एकदा हसून म्हणालास, "दिवाळीला शिकवतो." कुठल्या दिवाळीला, ते का नाही सांगितलंस?

दारात उतरवली. पेट्रोलची चावी उघडली, आणि चाचा सांगतील तशी किक मी मारली. एकदा काही नाही. पुन्हा काही नाही. आणि मग फट् फट् फट्! अख्खी आळी गोळा झाली! मी ओरडले, "आई, ऐकलंस का?" तर आई तिथं नव्हतीच.

आत जाऊन बघते, तर चुलीवर तवा ठेवून ती पीठ मळत होती. तुझ्या फटफटीचा आवाज वेशीत आला, की ती भाकरी टाकायची ना! मला बघून तिचे हात थांबले. म्हणाली, "चुकलंच की गं माजं."

"नाही चुकलं," मी म्हटलं. "टाक भाकरी. मला भूक लागलीय." आणि मी खाल्ली, दादा. रडत रडत खाल्ली, पण पोटभर खाल्ली.

चाचा शिकवायला कबूल झालेत. लुगडं कसं खोचायचं, ते माझं मी बघते! येत्या सुट्टीत शिकणार, आणि मग दर शनिवारी शाळा सुटली की सोलापूरहून तिच्यावर बसून घरी येणार. तो आवाज ऐकून आईनं तवा ठेवला, तर "चुकलं" म्हणायची पाळी तिच्यावर पुन्हा येणार नाही. हा माझा शब्द.

तुझी धाकटी,
गोदी