चौकी अजून पडलेली नाही

रहिमतपूर,
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

श्रीमान रायगोंडा अण्णा यांना, आणि हे पत्र त्यांच्या आधी फोडून वाचणाऱ्या पद्मावती वहिनींना, जोतिबाचा मनापासून जय जिनेंद्र.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. काय ठीक नाही ते खाली येईलच. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींच्या डोळ्याची सूज उतरली का? हळदीचा भाव विचारत नाही. (हळदीच्या व्यापाऱ्यानं खरा भाव सांगितल्याचं मी तरी आजवर ऐकलेलं नाही.) पत्र लिहायचं कारण एवढंच, की मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुमच्या आर्जवनं "आजोबा झोपलेत" म्हणून सांगितलं, आणि तिन्ही वेळा मागून तुमचाच आवाज आला, "जोत्या असंल तर झोपलोय म्हण." अण्णा, माझे केस गेले, दात गेले, पण कान जागेवर आहेत. पत्राला झोपलोय म्हणून सांगता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

विषय आपले सुभेदार हंबीरराव. त्यांच्या छातीतली एक झडप निकामी झाली आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा, आणि दिवाळीची वाट बघू नका. हंबीरराव म्हणतात, करतो, पण आधी रायगोंडाला शरण येऊ दे. ऐकून डॉक्टरांनी त्यांच्या सुनेला, संयोगिताला, बाजूच्या खोलीत बोलावून हळूच विचारलं, की यांच्या डोक्याचा फोटो काढला आहे का. (मी दाराबाहेरच्या बाकावर होतो. दार लावलेलं होतं, पण सरकारी बांधकामाइतकंच घट्ट.)

यात डोक्याचा काही दोष नाही. दोष नातवाचा. ऋषिराजनं मोबाईलवर कुठून तरी आपली 'बर्फाची चौकी' शोधून काढली. चाळीस वर्षांपूर्वीची मालिका, रंग उडालेला, आवाज पिंपातून आल्यासारखा; पण आजोबांनी पडल्या पडल्या अकराच्या अकरा भाग बघितले आणि म्हणाले, "पुढचा लाव." पुढचा असायला तो काढलाय कुठं? पहिल्या भागात शत्रूचे जनरल रायगोंडा आपली चौकी घेतात आणि बाराव्यात सुभेदार हंबीरराव ती परत जिंकतात, अशी गोष्ट. बारावा भाग राहिला, म्हणजे चौकी अजून तुमच्याच ताब्यात आहे. चाळीस वर्षं आमच्या वाडीत ही गोष्ट कुणाच्या मनात नव्हती. आता दुसरा विषय नाही.

तुम्हाला सगळं आठवत असेलच, पण वहिनींना तुम्ही त्यातलं सोयीचं तेवढंच सांगितलं असणार, म्हणून लिहितो. दिग्दर्शक टिपणीस मुंबईहून आले ते आमच्या वाडीत घरटी एक फौजी आहे हे ऐकून. खरे पेन्शनर जवान मिळाले, कवायत शिकवायला नको, म्हणून मनुष्य खूश. ती खुशी दुपारपर्यंत टिकली. शत्रू व्हायला वाडीतला एक माणूस तयार होईना. अशा वेळी तुम्ही शूटिंगच्या मुदपाकखान्याचा किराणा घेऊन टेम्पोतून उतरलात. सहा फूट उंची, गोरा रंग, झुपकेदार मिशा, आणि साखरेचं पोतं उतरवताना हमालांवर केलेली ती गर्जना. टिपणीसांनी तिथंच हात जोडले. तुम्ही हो म्हणालात, पण अट घातली: बंदूक उडवीन, माणसावर रोखणार नाही. त्यामुळं अकरा भागांत शत्रूच्या जनरलनं फक्त आभाळावर गोळ्या झाडल्या आहेत.

आमच्याकडची तऱ्हा याच्या उलट. आमच्या माणसांना गोळी लागली तरी पाठीवर पडायला कुणी राजी नव्हतं. पाठीवर पडलेला फौजी वाडीनं बघितला तर पोरीबाळींची लग्नं कशी जुळायची, असा सवाल. म्हणून जो तो गोळी लागल्यावर आठ-दहा पावलं पुढं जाऊन तोंडावर पडायचा. पाचव्या भागापर्यंत आमचे मेलेले जवान जिवंत जवानांपेक्षा चौकीच्या जास्त जवळ पोचले होते. टिपणीस डोक्याला हात लावून म्हणाले, "अहो, मेल्यावर तरी थांबा!" हंबीरराव म्हणाले, "सायेब, हुकूम पुढं जायाचा हाय. मेल्याव थांबा, असा हुकूम न्हाई."

बर्फाचं तर विचारूच नका. कोयनानगरच्या वरच्या अंगाला डोंगरावर कापूस आणि खडेमीठ पसरून हिमालय केला. सकाळी बघतो तर धनगराची शेरडं निम्मा हिमालय चाटून गेलेली. बॉम्बवाला अर्जुना त्याच डोंगरावर एकदा स्फोटाची तयारी करत होता, तर खालून असा हादरा बसला की तंबूचे खांब हलले. टिपणीस टाळ्या वाजवत धावले, "शाब्बास अर्जुना, असा धमाका उभ्या आयुष्यात बघितला नाही!" अर्जुना हातातली काडेपेटी दाखवून म्हणाला, "सायेब, म्या अजून काडीच वढली न्हाई." भूकंपच तो, कोयनेला त्याचं काय कौतुक! पण आठव्या भागात तो घातलाय, आणि लोक अजून अर्जुनालाच मानतात.

आणि रणगाडे. ते माझे. तेव्हा माझ्याकडं एक ट्रॅक्टर आणि लय मोठी हिंमत, एवढीच इस्टेट. (आज दोन क्रेन आणि मंडपाचं साहित्य आहे, पण त्या वेळची झोप आता येत नाही.) वाळव्याकडचे आणखी ट्रॅक्टरवाले गोळा केले, वर प्लायवूड ठोकलं, पुढं सिमेंटचा पाईप लावला, झाली पलटण. बाराव्या भागाची सगळी जमवाजमव झाली, तुम्ही चौकीत, आम्ही पायथ्याला, आणि त्याच सकाळी इस्लामपूरकडं कारखान्याचा बॉयलर पेटल्याची बातमी आली. गळीत हंगाम. ऊस काही कुणाच्या लढाईसाठी थांबत नाही. अर्ध्या तासात अख्खं रणगाडा दळ प्लायवूडसकट फडात गेलं. जगाच्या पाठीवर असं सैन्य एकच असेल, जे न हरता, न जिंकता ऊस ओढायला निघून गेलं. टिपणीस म्हणाले, पुढच्या साली बघू. पुढच्या साली ते राहिले नाहीत. मालिका तिथंच संपली.

आता आजची हकीकत. तुम्ही फोनवर झोपलेले, म्हणून मी माझ्या अकलेनं एक उपाय केला. खळ्यावर मंडप टाकला, चौकी उभी केली, आणि अर्जुनाला तुमच्यासारख्या मिशा लावून जनरल केला. हंबीररावांना खुर्चीसकट आणलं. अर्जुना हात वर करून आला, गुडघ्यावर बसला, "शरण आलो, सुभेदार" म्हणाला. डोळ्यांत पाणीही आणलं लेकानं. (मिशीच्या डिंकानं नाक हुळहुळत होतं, असं नंतर म्हणाला.) वाडीनं टाळ्या वाजवल्या. हंबीररावांनी त्याच्याकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "गड्या अर्जुना, तुझ्या बापानं बी कवा कुणाची चौकी घेतली न्हवती. ऊठ, च्या पी." आणि तोंड फिरवलं. संयोगिता बिचारी पदरानं डोळे पुसत आत गेली. तिनं दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. त्या पिशवीकडं कुणी बघत नाही, सगळे चौकीकडंच बघतात.

तुमची बाजू मला ठाऊक आहे. सांगलीच्या बाजारात अजून तुम्हाला जनरल म्हणतात, हमाल सलाम ठोकतात. तुम्ही गेल्या दिवाळीत तिथं सगळ्यांसमोर म्हणालात, "मी हारलो न्हवतो, शूटिंग थांबलं होतं." खरं आहे. कागदोपत्री चौकी तुमची आहे, मी कुठंही साक्ष द्यायला तयार आहे. पण अण्णा, चौकी माझ्या मंडपाच्या बांबूंची आहे, आणि ते बांबू मला तुळशीच्या लग्नाच्या आधी मोकळे करून हवे आहेत. वहिनींना माझा नमस्कार सांगा, म्हणजे त्यांनीच तो तुम्हाला सांगावा. तुमच्या नातीच्या, ब्राह्मीच्या, परीक्षेला आमच्या घरच्यांचा आशीर्वाद. राग आला असेल तर पत्र फाडा, पण वाचून झाल्यावर.

तुमचा,
जोतिबा (रणगाडेवाला)

ता. क. : शरण यायला गुडघ्यावर बसायची गरज नाही. तुमच्या गुडघ्यांचं मी हंबीररावांच्या कानावर घातलं आहे. उभ्यानं चालेल, असं ते म्हणाले. खुर्चीत बसूनही चालेल.

दुसरा ता. क. : मिशा पांढऱ्या झाल्या असतील तर तशाच राहू द्या. त्यांना तुम्ही ओळखू आलात म्हणजे झालं.

शेवटचा ता. क. : वर लिहिलेलं सगळं तुम्ही एक वेळ विसरला तरी चालेल. आज सकाळी मी हंबीररावांची खोली ओलांडून जात होतो. आत दुसरं कुणी नव्हतं. म्हातारा पलंगावर बसून दोन्ही हात हळूहळू वर करत होता, खांद्याच्या वर जाईनात म्हणून परत खाली घेत होता. मला बघून ओशाळला. मग म्हणाला, "जोतिबा, भ्या वाटतंय रं त्या आपरेशनच्या टेबलाचं. आमाला चाल करून जायाला शिकिवलं, खंदक खणायला शिकिवलं. हात वर करायला कुणी शिकिवलंच न्हाई. रायगोंडानं आधी करून दावलं, तर त्याच्या मागनं मी बी करीन."

गाडी शनिवारी सकाळी तुमच्या दारात येईल. नाही म्हणायचं असेल तर गाडीत बसून म्हणा.