न फाडलेला कागद

शुक्रवार, ता. १९

वहिनी,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. तुमचा खोकला कमी झाला का? काल कोर्टात बराच येत होता.

दुकानाला सील लागलंय. भिंगं घासायचं मशीन बेलीफ घेऊन गेला. शाळेतल्या बाईंचा चष्मा आतच अडकलाय, त्या सध्या अंदाजपंचे शिकवतायत. हे सांगून मी हसलो, पण ही हसली नाही. तुमचं नाव निघालं की उठून आत जाते.

वकील म्हणतात, आता हात टेकले. कागदच तसा होता. 'एवढं कर्ज मला मान्य आहे, मला न बोलावता कोर्टाने माझ्यावर हुकूम काढावा,' असं मीच लिहून दिलेलं. मशीनसाठी पैसे देताना तुमचे यजमान, माझा जिवाचा दोस्त, म्हणाला होता, "अरे, नुसती पद्धत म्हणून घेतोय." मशीनचे पैसे फेडायला तुमच्या घरी आलो, तेव्हा तुम्ही दोनदा म्हणालात, "भाऊजी, तो कागद आधी फाडा." पण मी मोठा शहाणा! म्हटलं, दोस्ताकडे कागद मागू? उद्या तोंड कसं दाखवू? त्याने पैसे कपाटात टाकले आणि आम्ही पत्ते खेळत बसलो.

पुढे तो वारला. कपाट आवरताना तुमच्या मुलाला कागद सापडला. त्याचा धंदा बसलेला. त्याला वाटलं, खरंच येणं आहे. निदान मला विचारायचं तरी! खांद्यावर बसवून फिरवलंय त्याला. तो सरळ कोर्टात गेला, आणि हुकूम निघाल्याचं मला कळलं ते बेलीफ दारात आल्यावर.

हुकूम फिरवा म्हणून अर्ज केला, तेव्हाही मी निर्धास्त होतो. हिला म्हणालो, वहिनी होत्या ना समोर. काल वकिलांनी तुम्हाला तेच विचारलं. तुम्ही म्हणालात, "मला काही आठवत नाही. या गृहस्थांचं नि आमचं फारसं येणंजाणं नव्हतं."

आठवत नाही म्हणालात, ते मी समजू शकतो. पोटच्या पोराला भर कोर्टात कोण खोटं पाडेल? त्याच्याच घरात तुम्हाला दिवस काढायचेत. पण येणंजाणं नव्हतं? अहो, तुमच्या बाळंतपणात ही महिनाभर तुमच्याकडे राहिली. तो दवाखान्यात होता तेव्हा त्याच्या उशाशी मी बसायचो. ते दुसरं वाक्य नव्हतं हो बोलायचं. ते कुणी विचारलंही नव्हतं.

पोराला मात्र खरं सांगू नका. आपल्यापायी आई खोटं बोलली हे कळलं, तर घास उतरायचा नाही त्याच्या घशाखाली. माझं नुकसान झालं तेवढं पुरे.

तुम्हाला माफ केलं, असं लिहायला बसलो होतो. नाही जमत. उगाच खोटं कशाला लिहू?

दुकानावरची खोलीही चाललीये. महिनाअखेरीस आम्ही हिच्या बहिणीकडे राहायला जातोय. बाजारामागची गल्ली, छापखान्याच्या वर, दुसरा मजला. जिना अरुंद आहे आणि दिवा नाही. याल तेव्हा खालून हाक मारा, मी हात द्यायला उतरेन.

तुमचा,
भाऊजी