श्यामच्या बैलाची जागा

मी, मोरोपंत गणेश देवपुजारी, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार अमरावती, गुडघे सोडले तर सर्व शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलगा गौरांग याची. घर त्याने खुशाल विकावे. मागची खोली गळते, एवढे घेणाऱ्याला सांगावे.

२. कवितांची पुस्तके नात जुईली हिला. मोठ्याने वाचावीत. मनातल्या मनात वाचलेली कविता मला कधी पोचली नाही.

३. बैठकीतली फळी व तीवरचे लाकडी बैल. इथे कोणी घाई करू नये.

तिवस्याच्या शाळेत पहिलीच्या पोरांना लहान-मोठा क्रम शिकवायला मी हे देवमन सुताराकडून करून घेतले, एकाहून एक उंच. प्रत्येक पोराच्या नावाचा एक, सर्वांत उंच माझा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, पोरं ते ओळीने मांडत आणि आम्ही म्हणत असू:

धाकटा आधी, थोरला नंतर,
दोघांमध्ये बोटभर अंतर.

पहिला बैल नत्थुजींच्या श्यामचा, कारण वर्गात तोच धाकटा. त्याने विचारले, "गुरुजी, पुढच्या साली मी मोठा झालो का माहा बैल समोर सरकन ना?" मी म्हणालो, "सरकेल की." दिवाळीआधीच पोर तापाने गेले.

पुढल्या तान्ह्या पोळ्याला त्याचा बैल एक जागा पुढे होता. तेव्हापासून दर वर्षी. निवृत्तीनंतर बैल घरी आणले, तरी तेच. सूनबाई मैथिली म्हणते, "बाबा, तुम्हीच सरकवता." गुडघ्यांमुळे मी स्टुलावर चढत नाही आणि खालून माझा हात त्या फळीला पोचत नाही, हे तिला ठाऊक आहे. एकदा पुसताना तिने तो पहिल्या जागी ठेवला. चहा होईस्तोवर तो परत पुढे. आता ती फळी पुसत नाही.

श्यामचे आईबाप, नत्थुजी आणि रुख्मिणीबाई, दर तान्ह्या पोळ्याला येतात. बाई स्टुलावर चढून बैलाला कुंकू लावते आणि विचारते, "कोठवर गेला पोट्टा?" यंदा तो माझ्याही बैलाच्या पुढे, फळीच्या अगदी काठावर उभा होता. बाई बराच वेळ काठाखाली ओंजळ धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आता कोठी जाईन तो, गुरुजी?" 

म्हणून फळी व बैल त्या दोघांना द्यावेत. देवमनचा नितेश फळी वाढवून देईल. क्रम कोणीही दुरुस्त करू नये.

४. माझा बैल मात्र उचलून श्यामने सोडलेल्या पहिल्या जागी ठेवावा. तिकडच्या वर्गात मीच धाकटा.

आमच्या समक्ष, वाचून, समजून:
साक्षीदार: देवानंद इंगळे (शेजारी), धर्मपाल वानखडे (निवृत्त मुख्याध्यापक)

सही: मो. ग. देवपुजारी
अमरावती, १२ सप्टेंबर २०२५