खाप्याहून आलेली माफी

प्रिय विकास,

'प्रिय' लिहिलं आहे, कारण ते खोटं नाही. त्याचाच तर त्रास होतोय.

आज दुपारी खाप्याहून परत आले आणि चप्पल काढल्याबरोबर लिहायला बसले. दुसऱ्या कोणाला सांगू? जे सांगायचं आहे ते खरं आहे, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक तू. आता मी एकटी उरले आहे, आणि माझं कोणी ऐकत नाही. तू तरी 'असं झालंच नाही' म्हणणार नाहीस.

परवा शंकररावांचा फोन आला. विसरला नसशील त्यांना. कंपनीचे पंप-पॅनल दुरुस्त करणारे शंकरराव, आपण मोबाइलवर बनवलेल्या 'गुरुजी'चं ऐकून पॅनल उघडलं आणि शॉक लागून ओट्यावरून खाली पडले, ते.

"मॅडम, हात आता बरा हाय. पुढच्या महिन्यापासून कामावर जाऊन राहिलो," ते म्हणाले. "जायच्या आधी मन साफ करावं म्हटलं. मी तुम्हाले माफ केलं."

"मला? कशाबद्दल, शंकरराव?"

"आता जाऊ द्या ना मॅडम. विकास सर दवाखान्यात आले होते, तवाच सांगितलं त्यांनी सगळं."

सगळं! काय सांगितलं होतंस रे तू?

फोनवर ते पुढे बोलले नाहीत. मग मीच आज सकाळी सावनेरची बस पकडली आणि तिथून खाप्याला गेले.

विकास, आपण किती आनंदाने सुरुवात केली होती! धरमपेठेत चष्म्याच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या. एका खोलीत आपण, दुसरीत पंखा नाही म्हणून नुसती खोकी. बुटीबोरीच्या त्या कंपनीने पहिलं मोठं काम दिलं तेव्हा तू खालच्या टपरीवरून तर्री-पोहे आणलेस आणि की-बोर्डवर तर्री सांडलीस. शेतातल्या पंपांची पॅनलं बनवणारी कंपनी. वर्षानुवर्षांची माहितीपत्रकं, दुरुस्तीच्या सूचना, वॉरंटीचे नियम, साहेबांनी वेळोवेळी काढलेली परिपत्रकं, सगळं कुठे कुठे पडलेलं. शेतात उभ्या असलेल्या मेकॅनिकला काही अडलं तर तो ऑफिसला फोन करणार, आणि ऑफिसात कोणी उचलणार नाही. म्हणून आपण असा एआय एजंट बनवायचा होता, जो हे सगळे कागद वाचेल आणि विचारल्याबरोबर मोबाइलवर उत्तर देईल.

'गुरुजी' हे नाव तुझंच. मेकॅनिक लोक "पॅनल काहून ट्रिप मारून राहिलं?" असं विचारतील आणि त्याला ते कळलं पाहिजे, हा हट्टही तुझाच. तू गावोगावच्या मेकॅनिकांशी बोललास, ते कसं विचारतात ते टिपून आणलंस, आणि गुरुजीला आपली बोली शिकवलीस. पहिल्यांदा त्याने बरोबर उत्तर दिलं तेव्हा तू टेबलावर चढून नाचलास. खालून चष्मेवाले काका ओरडले, "छत पाडता काय गा?"

माझ्याकडे उत्तरांचा भाग होता. हे यंत्र किती सफाईने खोटं बोलतं ते तुलाही माहीत होतं. कागदात नसलेली गोष्ट ते असं सांगतं, जणू समोर पान उघडून वाचतंय. म्हणून मी त्याला एक सूचना लिहून दिली होती. त्याच मॉडेलच्या कागदात उत्तर सापडलं नाही, तर 'माझ्याकडे ही माहिती नाही, ऑफिसला विचारा' एवढंच म्हणायचं. तू वाचलंस आणि म्हणालास, "बरोबर आहे मधुरा. विजेचा मामला आहे."

हे तू म्हणाला होतास ना? का मला आता भास होतो?

मग कंपनीच्या डायरेक्टर साहेबांनी पाहिलं. दर चार-पाच प्रश्नांमागे गुरुजी म्हणायचा, माहिती नाही. साहेब वैतागले. "नाहीच म्हणायचं असेल तर आमचे क्लार्क काय वाईट होते?" मी म्हटलं, नव्या मॉडेलांची पुस्तकं तुम्ही अजून दिली नाहीत, ती द्या, मग सांगेल. ते तुझ्याकडे बघून हसले. पुढच्या आठवड्यात परत दाखवायचं ठरलं.

आणि पुढच्या आठवड्यात गुरुजी एकदाही अडला नाही! मला वाटलं पुस्तकं मिळाली, तू ती भरलीस. मी तुला टाळी दिली रे. तू ती घेतलीस.

माझी ती एक सूचना तू काढून टाकली होतीस. नंतर उघडून पाहिलं, तर तिच्या जागी लिहिलं होतंस की माहिती नसेल तर जवळात जवळच्या कागदावरून उत्तर दे. मला एका शब्दाने विचारलं नाहीस.

शंकररावांनी नव्या पॅनलबद्दल विचारलं, "मेन बंद केल्यावर लगेच झाकण उघडू काय?" गुरुजीकडे नव्या पॅनलचं पुस्तकच नव्हतं. त्याने जुन्याचं वाचून सांगितलं, हो, उघडा. जुन्यात ते चालायचं. नव्यात मेन बंद झाल्यावरही काही वेळ वीज धरून ठेवणारा कपॅसिटर होता.

शंकरराव पडल्यानंतरच्या त्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "हे असं उत्तर गेलंच कसं?" मी तुझ्याकडे पाहिलं. त्या सूचनेपर्यंत पोचणारे दोघंच होतो आपण. मी बदल केला नव्हता. मला त्याच क्षणी कळलं, आणि मला कळलंय हे तुलाही कळलं. तू मोबाइलकडे बघत म्हणालास, "उत्तरांचा भाग मधुरा बघते."

एवढंच एक वाक्य. शब्द न् शब्द खरा, आणि पूर्ण खोटा!

खाली पार्किंगमध्ये तू माझा हात धरलास. "आत्ता काही बोलू नको वं. मी नीट करतो. थोडे दिवस दे मले." मी दिले. का नाही देणार? बाबांच्या ऑपरेशनला रक्त देणारा तू. माझं लग्न मोडलं तेव्हा "घरी बसून काहून रडून राहिली? चाल, काम करू," म्हणत दारात उभा राहणारा तू. तुझ्या 'नीट करतो' वर मी डोळे मिटून विश्वास टाकला असता. टाकलाच.

कंपनीने मला कामावरून काढलं. आपली बाकीची दोन कामं होती, त्या लोकांपर्यंतही गोष्ट पोचली. नागपूर किती लहान आहे! मी वाट बघत राहिले. आणि एका सकाळी बॅडमिंटन खेळता खेळता तू कोर्टवर कोसळलास, तो उठलाच नाहीस.

मी खूप रडले रे तुझ्यासाठी. रागाला जागाच ठेवली नाही. मनाशी म्हटलं, तो सांगणारच होता, फक्त वेळ मिळाला नाही. साहेबांना मेल केला की ती एक सूचना आधी बदला. उत्तर आलं, 'धन्यवाद, आमची टीम बघेल.' मी मान्य केलं. तुझ्या वतीने सगळंच मान्य करत गेले. मधे एकदा तुझी बायको, रोहिणी, मला म्हणाली, "तुझ्या त्या प्रकरणात विकास सगळ्यांशी तुझी बाजू घेऊन भांडला गं." तेव्हा मला ते ऐकून बरं वाटलं होतं! 'तुझं ते प्रकरण' हे शब्द माझ्या कानावरून नुसते निघून गेले.

तर आज खाप्याला शंकररावांच्या अंगणात बसले. त्यांच्या बायकोने, वंदनाताईंनी, पोहे केले. शंकररावांनी उजवा हात पुढे करून दाखवला, दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. मी विचारलं, विकास काय म्हणाला होता?

"सर दवाखान्यात पलंगावर बसले होते माझ्या," ते म्हणाले. "फळं घेऊन आले. माझा हात हातात घेतला. म्हणे, मधुरा मॅडमच्या हातून चूक झाली, पण मनानं चांगली बाई हाय. तिच्यासाठी मी तुमची माफी मागतो. मॅडम, सरांच्या डोळ्यात पाणी होतं."

डोळ्यात पाणी! ते कोणासाठी होतं रे? माझ्यासाठी? त्यांच्या हातासाठी? की स्वतःसाठी?

मीटिंगमधलं मी समजू शकत होते. साहेब समोर, काम जाण्याची भीती, माणूस डगमगतो. पण दवाखान्यात तुला कोणी काय विचारलं होतं? तिथे तर तू आपणहून गेला होतास. नुसता गप्प बसला असतास तरी चाललं असतं. तू माझ्या नावाने माफी मागितलीस, विकास! म्हणजे तू काहीही नीट करणार नव्हतास. मला गुन्हेगार ठरवून, वर माझी दयाही करून आलास.

मी शंकररावांना सगळं सांगितलं. माझी सूचना, तुझा बदल, मीटिंग, पार्किंग. ते ऐकत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "मॅडम, मी तर तुम्हाले माफ केलं होतं. मेलेल्या माणसावर काहून टाकून राहिल्या?"

तू फोटोत हार घालून बसलेला, आणि मी जिवंत. जिवंत माणूस खोटं बोलतो, मेलेला नाही. असंच असतं ना सगळ्यांच्या मनात?

मी निघणार होते. उठता उठता सहज विचारलं, "तुमच्या मोबाइलवर गुरुजी आहे अजून?"

"हाय ना. आता सगळे मेकॅनिक त्यालेच विचारतात."

मी त्यांचा मोबाइल मागितला. मनानेच एक मॉडेल नंबर तयार केला, जो कंपनीने कधी बनवलाच नाही, आणि विचारलं, याचं झाकण मेन बंद केल्यावर लगेच उघडू का? गुरुजीने लगेच उत्तर दिलं. उघडा. कोणता स्क्रू आधी काढायचा तेही सांगितलं. तुझ्याच बोलीत, तुझ्याच गोडीत.

शंकररावांनी ते वाचलं. परत वाचलं. "हा नंबर तर नाहीच मॅडम."

"नाहीच."

"मंग हा सांगून काय राहिला?"

मी म्हटलं, "तुम्हालाही हेच झालं होतं, शंकरराव. आणि चूक मधुराची होती, तिला काढलं, आता सगळं ठीक आहे, असं समजून कंपनीत कोणी याला हातही लावला नाही."

ते बोटं चोळत बसले. वंदनाताई दारातून म्हणाल्या, "अवो, माफी भेटलेली बाई तिकिटाचे पैसे खर्चून ती वापस करायले येईन काय? खोटं बोलायचं असतं तं घरीच बसली असती ना!"

शंकररावांनी मोबाइल खिशात टाकला. मग मला म्हणाले, "सरांचं मले माहीत नाही. ते तुमचं तुम्ही जाणा. पण माझ्यासारखा दुसरा कोणी पडू नये. सोमवारी मी येतो तुमच्यासंगं बुटीबोरीले. हा हात दाखवतो साहेबाले, अन् हा मोबाइल बी."

विकास, ते माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून येत नाहीत. तरी येत आहेत. बसमध्ये मला रडू आलं ते त्यामुळेच.

तू सांगितलं असतंस तर काय झालं असतं रे? काम गेलं असतं. ते तसंही गेलं. साहेब ओरडले असते. आपण दोघं परत चष्म्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत बसून पहिल्यापासून सुरू केलं असतं. मी चार दिवस बोलले नसते, पाचव्या दिवशी तूच काहीतरी बोलून हसवलं असतंस. एवढीही खात्री नव्हती तुला माझी? मी तुझ्यावर जेवढा विश्वास ठेवला, त्याच्या पाव हिश्शाने तू माझ्यावर ठेवला असतास तरी तुला मला विकावं लागलं नसतं.

माफ केलं असं लिहिणार नाही. शंकररावांना ते जमलं, तेही चुकीच्या माणसाला. मला अजून बरोबर माणसालाही जमत नाहीये.

पण एक वचन देते. सोमवारी साहेबांच्या त्या मीटिंगच्या खोलीत मी तुझं नाव घेणार. सूचना विकासने बदलली आणि मला सांगितलं नाही, एवढंच म्हणेन. गुरुजीला आपल्या माणसांची बोली समजते ती विकासमुळे, हेही म्हणेन, कारण तेही खरं आहे. यापेक्षा जास्त नाही आणि कमीही नाही.

आणि त्याच्या आधी, उद्या सकाळी, रोहिणीकडे जाईन. ती चहा ठेवेल, तुझ्या फोटोखाली मला बसवेल. कदाचित परत कधी दार उघडणार नाही. तरी मी तिच्यासमोर बसून, तिच्या डोळ्यांकडे बघत सांगेन. तुझ्याबद्दलची ही गोष्ट मला परक्याच्या अंगणात, परक्याच्या तोंडून कळली. तिला तशी कळू देणार नाही.

तुझी,
(हो, अजूनही)
मधुरा