कंटाळ्याची पट्टी

३ फेब्रुवारी, सोमवार
रोजनिशी एक तारखेपासून लिहायचं पक्कं होतं. एक तारखेला शनिवार निघाला. शनिवार-रविवार मोठमोठी ऑफिसं बंद असतात, मग मीच काय घोडं मारलंय? (खरं तर जानेवारीतच ठरलं होतं. जानेवारी थंडीत गेला.) असो. आजपासून रोज.

परिस्थिती अशी. ताई आणि भावजी सकाळी गेले. भावजींचं ऑफिसचं ट्रेनिंग आहे, दुसऱ्या शहरात. उद्याच्या मंगळवारी नाही, पुढच्या मंगळवारी परत. तोवर घर माझ्या ताब्यात. निघताना ताईने चप्पल घालता घालता सांगितलं, की एवढं घर धड सांभाळून दाखव, म्हणजे मी ह्यांच्याशी बोलते आणि मागची खोली तुझी. नाही जमलं तर गुपचूप गावी अण्णांच्या पंक्चरच्या दुकानात परत जायचं. (अण्णा म्हणजे आमचे वडील.) भावजींनी जिन्यातल्या पाण्याच्या मोटरच्या बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत बटणाकडे.

काम काय, तर पहाटे पाणी आलं की मोटर लावायची. टाकी भरली की बंद करायची. कुंड्यांना पाणी घालायचं. बस. आणि हे सांगतायत कुणाला? गेममध्ये मी दोन महिने जंगलात एकटा जगतोय. एक सुरी आणि एक घोंगडी, बाकी काही नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
गेमबद्दल एकदा नीट लिहून ठेवतो. जंगलात एकटा माणूस. जीव एकच. मेला की खेळ खलास, परत पहिल्यापासून. स्क्रीनच्या कोपऱ्यात चार पट्ट्या : भूक, तहान, थंडी, जखम. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. गेम अजून पुरा झालेला नाही. अगदी खऱ्यासारखा करायचाय म्हणून कंपनी खेळणाऱ्यांकडूनच सूचना मागवते. ज्याच्या सूचना दमदार, त्याला टेस्टर म्हणून नोकरीवर घेतात, असं कुणीतरी कुठेतरी लिहिलेलं मी वाचलंय. फोरमवर माझं नाव 'एकांडा शिलेदार'.

आज मोटर लावली. वेळेवर. मग जरा खेळायला बसलो. थोड्या वेळाने समोरच्या काकू दार बडवायला लागल्या, की जिन्यात पोहण्याचा क्लास काढलायस का? टाकी भरून वाहत होती. पुसता पुसता माझे मोजे ओले झाले आणि त्यातून एकदम सुचलं. सूचना पाठवली : ओले मोजे घालून चाललं की पायाला फोड यावेत, फोड आला की चाल मंदावावी.

एका मिनिटात कंपनीचं उत्तर. 'आपली सूचना मोलाची आहे. आमची टीम त्यावर विचार करत आहे.' एका मिनिटात अख्खी टीम विचाराला बसली! जिना अर्धा पुसायचा राहिलाय. आपोआप वाळेल.

५ फेब्रुवारी, बुधवार
अलार्म पहाटेचा लावला होता. उठावंच लागावं म्हणून फोन मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवला. त्यामुळे ऐकू आला नाही. अकराला उठलो. बिघडलं काही नाही, कालची टाकी भरलेली आहे. उलट काल जास्त भरली हे बरंच झालं.

कॉम्प्युटर सोफ्यापाशी आणला. आडवं पडून विचार चांगला होतो. तिथे प्लग एकच, आणि त्यात फ्रिज होता. फ्रिजची आठवण दुपारी आली. वासाने आली. सूचना : नासलेल्या अन्नाला वास असावा. फोरमवर 'पाणकोंबडा' नावाच्या एकाने लिहिलं, की स्क्रीनमधून वास येत नसतो शिलेदार, तुमच्या घराची खिडकी उघडा. याला कसं कळलं?

६ फेब्रुवारी, गुरुवार
आजचा दिवस मोठा. दुपारी जेवण करून पडलो होतो. (जेवण म्हणजे बिस्किटं.) पडल्या पडल्या लक्षात आलं, की हा गेम मुळातच खोटा आहे! आपण क्लिक केलं की तो माणूस निमूट उठतो आणि लाकडं फोडतो. पुन्हा क्लिक केलं की पुन्हा फोडतो. असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. अण्णा सोडून.

सूचना लिहिली, चांगली लांबलचक. पाचवी पट्टी हवी : कंटाळा. दिवसा झोपलं की ती भरेल, कामं उद्यावर ढकलली की भरेल. पुरी भरली की माणूस ऐकणार नाही. 'करतो' म्हणेल आणि बसून राहील. आयुष्यात एवढं सलग मी प्रथमच लिहिलं. हात दुखला.

ताईचा फोन. मोटर लावतोस ना? म्हटलं, सगळं कंट्रोलमध्ये आहे. कुंड्या? म्हटलं, आहेत. ती क्षणभर थांबली. कौतुकाने असेल. किंवा नेटवर्क.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
मोटर उद्या. टाकीत पुष्कळ आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
झालं! कंपनीने कंटाळ्याची पट्टी गेममध्ये घातली. चाचणीपुरती, पण घातली. आणि या वेळी उत्तर खऱ्या माणसाचं : 'कल्पना आवडली, करून बघतोय.' मी घरभर फिरलो. शेवटी ताईला फोन केला आणि सांगितलं, की नोकरी लागल्यातच जमा आहे. ती म्हणाली, लागली की लागल्यातच जमा? म्हटलं, अगं एकच ते. मग विचारते पगार किती, जायचं कधी, आणि कुंड्यांना पाणी घातलंस का. म्हटलं, भावजींना इतक्यात सांगू नकोस, सरप्राइज आहे. फोन स्पीकरवर होता म्हणे. मागून भावजी खाकरले.

एवढ्या धावपळीत मोटर कुठून लक्षात राहणार.

९ फेब्रुवारी, रविवार
फोरम पेटलाय. सगळ्यांची माणसं जंगलात जागच्या जागी बसून आहेत. एकाचा शेकोटीपाशी बसला होता. अंगावरच्या घोंगडीने पेट घेतला तरी 'उठतो, उठतो' म्हणत तिथेच जळून गेला. लोकांनी या प्रकाराला 'शिलेदाराचा रोग' असं नाव दिलंय. पाणकोंबडा लिहितो, की मी दिवसभर ऑफिसात मरून घरी येतो, निदान गेममध्ये तरी कुणीतरी सांगितलेलं काम करावं! मी शांतपणे उत्तर दिलं : खऱ्यासारखा हवा होता ना? आता सोसा. मोठ्या माणसाला लोक आधी शिव्याच देतात.

दुपारी नळाने ठसका दिला आणि गप्प झाला. धावत जाऊन मोटर लावली. काकू तरातरा बाहेर आल्या आणि बंद करून गेल्या. पाणी पहाटेच येतं हे तुला कितीदा सांगायचं, कोरडी फिरवून जाळतोस का मोटर, असं म्हणाल्या. वर, दोन बादल्या माझ्याकडून घेऊन जा म्हणाल्या. मी बाणेदारपणे नाही म्हटलं. एक बादली भरलेली आहे. जंगलात मी एवढ्यात आठवडा काढतो.

अंघोळीत अर्धी गेली.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळ
अलार्म उशाशी होता. ऐकू आला. व्यवस्थित ऐकू आला. उठतो म्हटलं.

आत्ता साडेदहा.

त्याच दिवशी, दुपार
माझा माणूस गेला.

नदीकाठी बसवून मी फक्त बिस्किटं आणायला गेलो होतो. परत आलो तर तहानेची पट्टी तळाला आणि कंटाळ्याची काठोकाठ. नदी समोर, पाच पावलांवर. क्लिक केलं. 'करतो' म्हणाला. परत क्लिक केलं. 'हो, बघतो.' मी माउस बडवला. तो थोडा हलला, मला वाटलं निघाला. डोळ्यावर ऊन येत होतं म्हणून सरकून बसला होता. तसाच गेला. दोन महिने जपला होता त्याला.

कंपनीला खरमरीत तक्रार लिहिली : हे अजिबात खऱ्यासारखं नाही. घसा कोरडा पडलाय, पाणी हाताशी आहे आणि माणूस उठत नाही, असा माणूस जगात सापडणार नाही! उत्तर आलं, की पट्टी आजच काढून टाकतोय, त्रासाबद्दल सगळ्यांची माफी. तेवढ्यात टेस्टरच्या नोकरीचंही विचारून घेतलं. अशी नोकरी नसते म्हणे. सगळे खेळणारेच टेस्टर, तेही फुकट. 'आपली सूचना मोलाची आहे' हेसुद्धा सगळ्यांनाच जातं. पाणकोंबड्यालासुद्धा.

बादली संपली. फ्रिजमधल्या बाटल्या संपल्या. कुंड्यांकडे बघवत नाही. पण घाबरण्यासारखं काही नाही. ताई-भावजी येणार उद्या संध्याकाळी. उद्या पहाटे एकदा उठलो की मोटर, जिना, फ्रिज, कुंड्या, सगळं दुपारपर्यंत होतं. नोकरीचं काय सांगायचं तेवढं पडून ठरवतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
बेल वाजली. वाटलं काकू.

अण्णा आलेत.

एकटेच. हातात पिशवी, नवा शर्ट, नखांत दुकानाचं काळं तसंच. ताईने फोनवर सांगितलं म्हणे, पोराला नोकरी लागली. सोमवारचं दुकान बंद ठेवलं. आईच्या आजारपणातसुद्धा अर्धं शटर उघडं ठेवणारा माणूस! दिवसभर बसमध्ये उभ्याने आले. दारातच पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, मला वाटलं नव्हतं रे. बाकी कशाकडे त्यांनी पाहिलंच नाही. जिना बघितला नाही, वासाचं विचारलं नाही. सोफ्यावर टेकले, बूट काढले.

मी स्वयंपाकघरात उभ्याने लिहितोय. बाहेरून दुसऱ्यांदा हाक आली. घोटभर पाणी मागतायत.

मी 'आणतो' म्हटलंय.