गाडी चोरून दाखवाच

३ मार्च
आठवडी बाजारातून सोमाजीची मोटारसायकल चोरीला गेली. हँडल लॉक होतं म्हणे. सोमाजी आमचा शेजारी. माणूस चांगला, पण टेक्नॉलॉजीत शून्य. मी ताबडतोब निर्णय घेतला: जीपीएस ट्रॅकर. चोरांनो, आता गाठ गुणवंतरावाशी आहे.

५ मार्च
बाबूभाईच्या गॅरेजात ट्रॅकर बसवला. सीटखाली. गाडी हलली की मोबाईलवर अलर्ट येतो. मोबाईलवरून इंजिनही बंद करता येतं. बाबूभाई म्हणाले, "भाऊ, चलती गाडी पे ये बटन मत दबाना. कोई गिर जाएगा." मी म्हणालो, चोर पडला तर पडू द्या.
रात्री बायको म्हणाली, एवढी जपता तं मले शिकवा ना चालवाले. म्हणालो, इंदू, मोटारसायकल म्हणजे शिलाई मशीन नाही. विषय संपवला.

९ मार्च
नीट विचार केला. गाडी बाजारपेठेत नेणं म्हणजे चोराला आमंत्रण. यापुढे गाडी घरीच. मी माझ्या कृषी केंद्रात पायी जाणार. तब्येतीलाही चांगलं.
(पोटऱ्या दुखतात. सवय होईल.)

१४ मार्च, दुपारी
पहिला अलर्ट! गाडी सुरू! लगेच इंदूला फोन. गाडी आहे का? इंदू म्हणाली, "हाये ना, माह्या हातातच हाये म्हना." हसून राह्यली होती. मागे कशाचा तरी फटफट आवाज. कोणाचा पंप असेल. म्हणजे ट्रॅकर थापा मारतो.

१८ मार्च
रोज दुपारी तेच. नकाशावरचा ठिपका लाकूड डेपोमागच्या मैदानात गोल गोल फिरतो. कंपनीला फोन करून झापलं. तिकडचा पोरगा म्हणाला, सर, गाडी खरंच फिरत असेल. मी म्हणालो, गाडी माझी की तुझी?
पेट्रोलही कमी होऊन राह्यलं. ऊन वाढलं, उडत असणार.

२४ मार्च, सकाळी
ठिपका मैदानात नाही! पोंभुर्ण्याच्या रस्त्याने चालला, सुसाट. इंदूचा फोन लागत नाही. म्हणजे आज खराच चोर. सोमाजीला बोलावलं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर बटन दाबलं. ठिपका थांबला. टाळ्या पडल्या. आता काठी घेऊन निघतो.

२४ मार्च, संध्याकाळी
सोमाजी आणि मी ऑटोने गेलो. सागवानाच्या जंगलात, वळणावर चोर सापडला. रस्त्याच्या कडेला बसलेला. अंगात पंजाबी ड्रेस, गुडघा फुटलेला.
इंदू.
तिच्या बचत गटाच्या मोहफुलांच्या लाडवांचे डबे रस्ताभर पसरलेले. पोंभुर्ण्याची ऑर्डर होती, गटाची पहिलीच. बाबूभाईची पोरगी उमेरा दस्ती-रुमालाने तिचा गुडघा बांधत होती. मैदानात शिकवणारी हीच.
हातातली काठी कुठे ठेवावी कळेना.
इंदू रडली नाही. म्हणाली, "चोर पकडाले आले ना? पकडा. माह्याच घरची गाडी, अन् चोर मीच काऊन?"
उमेरा म्हणाली, "काका, काकूनं आधी तुम्हालेच म्हटलं होतं ना, शिकवा म्हणून."
मी विषय बदलला. म्हणालो, इंजिन चालू करून देतो. मोबाईलला रेंज नाही. ट्रॅकरच्या सिमला होती, मला नाही. हे कंपनीने आधी सांगायला हवं होतं. मग इंदू आणि उमेरा ऑटोत, आणि मी अन् सोमाजी गाडी ढकलत पुढच्या गावापर्यंत. वाघाचा इलाका. सोमाजी सारखा माझ्या मोबाईलकडे बघत होता. नसता बघत तर बरं झालं असतं.
गावात रेंज आली. इंजिन चालू. मी म्हणालो, आता घरी. इंदूने चाबी घेतली. "अजून शाबूत डबे हायेत. ते पोचवाचे हायेत." मी आडवा उभा राहिलो. ती लंगडत गाडीवर बसली, उमेरा मागे. इंदू म्हणाली, "थांबवाचं असन तं दाबा बटन."
गेली.
बटन दाबलं नाही. मोबाईल फार गरम झाला होता.

२५ मार्च
रक्त डोळ्यांपुढून जात नाही. हळद घातलेलं दूध करून दिलं. उतू गेलं. तिने प्यायलं.
आज अधिकृतपणे तिला गाडी चालवायची परवानगी दिली. तिने मागितली नव्हती. तरी दिली. घरात निर्णय मीच घेतो.

२ एप्रिल
दुकानाला उशीर झाला. इंदू पोंभुर्ण्यालाच निघाली होती, म्हणाली, बसा मागं. भर बाजारपेठेतून गेलो. गिऱ्हाईक बघून हसले. मी ओरडून सांगितलं, ट्रेनिंग देऊन राह्यलो!
खड्डा आला. तिचा खांदा धरावा लागला. ती म्हणाली, "नीट बसा. हलून नका राहू, मले तोल सांभाळा लागते."
बसलो.